साचाखात्याच्या जागी बिर्याणी

माझी मुलगी अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रिकेसाठी तिने एक सदर मागून घेतलं आहे : मॉलमध्ये मिळणाऱ्या साध्या जेवणाची परीक्षणं. पांढरे टेबलक्लॉथवाली मोठी हॉटेलं नाहीत, फूडकोर्टमधली काउंटरं. चव, स्वच्छता, किंमत आणि जागा असे चार रकाने, प्रत्येकाला पाचपैकी तारे. मी तिला एकटीला पाठवत नाही, म्हणून गेल्या महिन्यात चार रविवार मीही तिच्यासोबत जेवले. शिवाय "अम्मी, आप मराठी पढ़ाती हो, मेरा लिखा हुआ चेक करके दो ना" हेही होतंच. घरात आम्ही उर्दू बोलतो. मराठी हा माझा पोटापाण्याचा आणि हळूहळू प्रेमाचा विषय झाला.

मुंब्र्याहून स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं आणि पुलावरून चालत गिरणगावातल्या एका मॉलमध्ये जायचं. दाराशी बॅग मशीनमधून जाते, गार हवा अंगावर येते, सरकत्या जिन्याने वर गेलं की फूडकोर्ट. आधी एका खिडकीवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, मग त्या कार्डावर कुठेही खायचं. उरलेले पैसे परत घ्यायला पुन्हा त्याच खिडकीवर रांग लावायची. निम्मे लोक ते विसरून घरी जातात, हे त्या कार्डाचं खरं गणित असावं.

पहिल्या रविवारी डोसा खाल्ला. चांगला होता, चटणी ताजी होती. दुसऱ्या रविवारी मिसळ. तिची तर्री गोड होती, त्यावर मी जास्त बोलत नाही. तिसऱ्या रविवारी बिर्याणी, आणि इथे मला बोलणं भाग आहे. पाटीवर 'शाही मुघलाई दम बिर्याणी' असं लिहिलेलं, किंमत ३४९ रुपये. हलाल आहे का, विचारलं. पोरगा म्हणाला, "हां आंटी, हलाल है." तेवढ्यावर मी जेवते. माझ्या काही मैत्रिणी जेवत नाहीत, त्या मॉलमध्ये डोसाच खातात आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या बिर्याणीला दम कुठेच लागलेला नव्हता. खाली टोमॅटोची लाल ग्रेव्ही, तिच्यावर वेगळा शिजवलेला भात, वर पाकिटातला तळलेला कांदा. तांदळाच्या दाण्याला मटणाचा वाससुद्धा लागला नव्हता.

'मुघलाई' या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगून टाकते. अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याच्या पदार्थांची यादी आहे, घटकांच्या वजनासह. तिचे तीन वर्ग आहेत आणि पहिला वर्ग बिनमांसाच्या पदार्थांचा, त्याचं नाव 'सूफ़ियाना'. त्या यादीत टोमॅटो नाही, लाल मिरचीही नाही. या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातल्या. पोर्तुगिजांच्या जहाजांतून त्या आपल्याकडे आल्या खऱ्या, पण अकबराच्या थाळीपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. मुलीला म्हटलं, पाटीवरचा इतिहास चुकीचा आहे, हे चवीच्या रकान्यात लिही. तिने लिहिलं नाही. "जगह नहीं है," म्हणाली.

ही सगळी गंमत झाली. या लेखाचं कारण वेगळं आहे. तिचा मजकूर तपासताना चौथ्या रकान्यात, 'जागा' या मथळ्याखाली, मला हे वाक्य दिसलं : 'गर्दीच्या वेळी अनोळखी लोकांसोबत टेबल शेअर करावं लागतं.' आणि त्यासाठी तिने एक तारा कापला होता.

तिची चूक नाही. त्या दिवशी आमच्या समोर एक बाई आणि त्यांचा मुलगा बसला होता. त्यांची थाळी शाकाहारी, आमची बिर्याणी. बाईंनी विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" आम्ही नाही म्हटलं. त्या बसल्या, जेवल्या, मुलाला "नीट खा" म्हणाल्या आणि उठून गेल्या. एवढंच घडलं. माझ्या मुलीला ही अडचण वाटली आणि मला रात्री झोप लागली नाही, कारण मी इतिहासही थोडाफार शिकवते. अनोळखी माणसासमोर बसून निमूट जेवता यावं, यासाठी या देशात किती काळ गेला, याचा हिशेब डोक्यात सुरू झाला.

शेरशाह सूरीच्या सराया आपण पाचवी-सहावीपासून शिकवतो. १५४० ते १५४५ एवढीच त्याची कारकीर्द, पण रस्त्यावर ठरावीक अंतराने सराया बांधल्या, विहिरी खोदल्या. अकबराच्या काळात लिहिणारा अब्बास ख़ान सरवानी सांगतो की प्रत्येक सरायीत हिंदू आणि मुसलमानांच्या राहण्याच्या जागा वेगळ्या होत्या आणि हिंदूंच्या जेवणापाण्यासाठी ब्राह्मण नेमलेले होते. आम्ही वर्गात हे सहिष्णुतेचं उदाहरण म्हणून सांगतो. तसं ते आहेही. पण त्याच वाक्यात हेही आहे की एका छपराखाली थांबणारी माणसं एका जागी जेवत नव्हती.

पुढे रेल्वे आली. गाडी सर्वांची एकच, इंजिन एकच, पण स्टेशनवर पाणी वेगळं. 'हिंदू पानी, मुसलमान पानी' हा पुकारा १९४०च्या दशकापर्यंत उत्तर हिंदुस्तानातल्या फलाटांवर ऐकू येत होता. आमचे दादा आजमगढ जिल्ह्यातल्या मऊहून (आता तो वेगळा जिल्हा आहे) मुंबईला आले, ते हाच पुकारा ऐकत आले असणार.

महाराष्ट्रात काय होतं? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर चहा-बिस्किटं ठेवली होती. आनंदीबाई जोशींचे नवरे गोपाळराव जोशी यांनी हा घाट घातला आणि नंतर हजर असलेल्यांची नावं छापून आणली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक, दोघांचीही नावं त्यात होती. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, प्रायश्चित्ताचे वाद बरेच दिवस चालले. हायकोर्टाच्या वाटेवर असलेला न्यायाधीश आणि 'केसरी'चा टिळक, एका कप चहाने अडचणीत आले.

कोल्हापूरची कथा मला यापेक्षा जास्त आवडते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना नोकरीपेक्षा स्वतःचा धंदा करायला सांगितलं. 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. आता महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर स्वतः छत्रपती गाडी थांबवून तिथे चहा मागवू लागले आणि सोबतच्या बड्या लोकांनाही प्यायला लावू लागले. राजा कप हातात धरून बसलाय म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही. कायदा नंतर आला, आधी हा चहा होता.

आता गिरणीकडे येते, कारण आमचं जेवण गिरणीच्या जमिनीवर चाललं होतं. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली, ती १८५६ पासून चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळ्याचं आकाश चिमण्यांनी भरलं. कोकणातून, घाटावरून मराठा आणि कुणबी आले, दलित आले, आणि उत्तरेतून आमचे मोमीन विणकर आले. हातमाग तिकडे बुडाला आणि १८५७च्या धामधुमीनंतर तिकडे राहणं कठीण झालं. मदनपुरा त्यांनी वसवला. हातात विणकाम होतं, म्हणून गिरणीत ते साचाखात्यात गेले. तिथे मराठा आणि मोमीन शेजारी शेजारी साचे चालवायचे. पगार इतर खात्यांपेक्षा बरा होता.

दलित कामगार मात्र साचाखात्यात नव्हते. कारण असं : धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचं. महाराने तोंड लावलेला धोटा चालणार नाही, म्हणून त्याला तिथे प्रवेशच नाही. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांना त्यांनी विचारलं की तुमच्या खात्यातल्या धोट्याचं काय.

हे मी पहिल्यांदा बी.एड.च्या काळात वाचलं आणि घरी येऊन अब्बांना विचारलं. अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेरे दादा बताते थे, धागा चूसते थे तो सूत की धूल सीधी सीने में जाती थी." दादांच्या खोकल्याची गोष्ट त्यांनी सांगितली. कोण आत नव्हतं, ती गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मला वाटतं, त्यांच्या डोक्यातही ती कधी आली नसावी. दारातून आत गेलेल्याला बाहेर राहिलेला दिसत नाही.

आपण मुसलमान एका ताटात जेवतो, एका दस्तरख़ानवर बसतो, हे आपण अभिमानाने सांगतो. मीही व्याख्यानांत सांगितलं आहे. मग मला आमच्या मदनपुऱ्याच्या खोलीतला एक कप आठवतो. कान तुटलेला. तो मोरीजवळच्या फळीवर असायचा आणि चाळीत झाडू मारायला येणाऱ्या चाचांना त्यात चहा दिला जायचा. ते चाचा मुसलमान होते. ईदला अब्बांना गळामिठी मारायचे, नमाज़ला त्याच सफ़मध्ये उभे राहायचे. कप मात्र तो. तो का वेगळा आहे, हे मी विचारलं नाही. मुलं अशा गोष्टी विचारत नाहीत, शिकून घेतात.

मुंबईत या सगळ्याला पहिला धक्का इराण्याने दिला, असं मी मानते. कोपऱ्यावरचं हॉटेल, गोल संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का, पानी कम चाय. शेजारी कोण बसलंय, हे इराणी सहसा विचारत नसे, त्याला गल्ल्याशी मतलब. धंद्याच्या स्वार्थातून कधी कधी समतेचं काम होऊन जातं आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. मग राज्यघटना आली. अनुच्छेद १५(२) मी नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिते : दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. १९५५च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर उपाहारगृहात ठेवलेली भांडी वापरायला मनाई करणंही गुन्हा ठरवलं. आमच्या फळीवरच्या त्या कपाला हा कायदा लागू नव्हता. तो घरातला होता.

आता फूडकोर्ट. बंदिस्त मॉलचा पहिला नमुना अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९५६ साली उघडला, साउथडेल नावाचा. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन हा नाझींच्या तावडीतून व्हिएन्नाहून निसटलेला ज्यू. त्याच्या डोळ्यांसमोर व्हिएन्नाचे चौक होते, लोक चालतील, बसतील, कॉफी पितील असे. पुढे जे काही बनलं त्याची जबाबदारी त्याने म्हातारपणी नाकारली. त्याच्या स्वप्नातला चौक मला मात्र त्या रविवारी जरासा दिसला. दोनशे माणसं, दहा काउंटरं, टेबलं सर्वांची. कोणाचा ट्रे कोणाचा, याला काही अर्थ नाही. धुऊन तो पुढच्याला जातो.

एक आणखी गोष्ट. तिथे काउंटरच्या मागे कोण रांधतं, हे कोणाला माहीत नसतं, आणि कोणी विचारतही नाही. २०२४च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांवर मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं, तेव्हा मला ही गोष्ट किती मोलाची आहे ते कळलं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणतं अन्न आहे ते सांगा, नाव सांगायची सक्ती नको, असा त्या आदेशाचा भाव होता. नाव विचारून जेवायचं की नाही हे ठरवणं, हा आपल्याकडचा फार जुना रिवाज आहे.

म्हणून मुलीला म्हटलं, टेबलाचा कापलेला तारा परत दे.

तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला. "फिर नाना क्यों नहीं आते यहाँ?"

याला उत्तर द्यायला मला १९८२ सांगावं लागलं. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अब्बा त्यात होते. वर्षभराने ते भिवंडीच्या पॉवरलूमवर गेले आणि भिस्सीत जेवू लागले. कारखान्यातल्या एकट्या पुरुषांच्या जेवणाच्या जागेला भिवंडीत भिस्सी म्हणतात. इकडे अम्माने आमच्या खोलीत आठ-दहा विणकरांचं जेवण सुरू केलं. रोज दाल-चावल, जुम्म्याला बडे का सालन. गिरणगावातल्या शेकडो बायका खाणावळी चालवून हेच करत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. अम्माला हे मंडळ माहीत नव्हतं. ती किराणावाल्याच्या वहीवर चालली. १९९३ मध्ये आम्ही मुंब्र्याला आलो, इतके लोक आले तसेच, आणि ती खाणावळ संपली.

जमिनीचं काय झालं ते थोडक्यात. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. ज्यावर शेड उभी, ती जागा वाटणीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलमध्ये दुकानं आली, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं. गिरणी कामगारांच्या घरासाठी अब्बांनीही अर्ज भरलाय. नंबर लागलेला नाही.

आणि दाराचं म्हणाल, तर पहिली गिरणी जिथे निघाली त्याच ताडदेव-हाजी अली भागात १९९९ साली क्रॉसरोड्स हा मुंबईतला पहिला बडा मॉल उघडला. सुरुवातीला गर्दी इतकी झाली की ज्याच्याकडे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नाही त्याने प्रवेशासाठी पैसे भरावेत, असा नियम काही काळ लावला गेला. मोबाइल तेव्हा किती जणांकडे होता? नियम टिकला नाही. आज कोणी काही विचारत नाही. ३४९ रुपयांची पाटीच विचारते.

चौथ्या रविवारी मुलीने नानांना आणलंच. अब्बा सत्याहत्तर वर्षांचे आहेत. सरकत्या जिन्याला नकार देऊन ते लिफ्टने वर आले. टेबलापाशी बसून त्यांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग बोटाने हवेत काहीतरी मोजलं. "साचाखाता उधर होगा," एवढंच म्हणाले. ते या गिरणीत नव्हते, पण सगळ्या गिरण्यांची ठेवण त्यांना सारखीच वाटते.

त्यांनी डोसा खाल्ला, मिटक्या मारत. मग पाणी मागितलं. मी बिर्याणीच्या काउंटरवर गेले, पोरगा म्हणाला बाटली घ्या, नाहीतर तिकडे वॉशरूमजवळ कूलर आहे. अब्बांनी ऐकलं आणि उठून स्वतः काउंटरपाशी आले. "कहाँ के हो, बेटा?" पोरगा म्हणाला, "बस्ती." अब्बा म्हणाले, "हम मऊ के." पोरगा एकदा आजूबाजूला बघून आत गेला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी स्टीलच्या ग्लासात ओतून घेऊन आला. अब्बांनी ते खाली बसून तीन घोटांत प्यालं आणि ग्लास उलटा न ठेवता त्याच्या हातात परत दिला.

मुलीचं परीक्षण आता असं आहे. चव : डोसा ४, मिसळ २, बिर्याणी १. स्वच्छता ४. किंमत २. जागा ५. पाण्यासाठी तिला पाचवा रकाना हवाय. संपादक मॅडम चारच रकाने म्हणतात. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.